गटेची कॉफी आणि फाउस्टचें पुडकें

हातांतील काम पुढें ढकलण्यासाठीं मनुष्य जीं निमित्तें शोधतो, त्यांत सर्वांत प्रतिष्ठित निमित्त कोणतें असें कोणी विचारल्यास आम्ही निःशंकपणें सांगूं कीं, प्रकृतिसुधारणा. झोंप आली म्हणून काम राहिलें, पाहुणे आले म्हणून राहिलें, हीं निमित्तें सांगतांना सांगणाराचेंच तोंड थोडें उतरतें. परंतु 'सध्यां कॉफी सोडली आहे, डोकें जरा जड असतें, आठवड्याभरानें कामाला बसेन म्हणतों,' असें कोणी म्हटलें कीं ऐकणारा उलट त्याची पाठ थोपटतो. मेजावर कागदांचा ढीग तसाच असतो. पण मालकाच्या पदरीं एक पुण्यकर्म पडलेलें असतें. आणि गंमत अशी कीं, तक्रारहि खोटी नसते. कॉफींतील कॅफीन हें द्रव्य मेंदूला थकव्याची वर्दी देणाऱ्या अॅडेनोसीनची वाट अडवून धरतें. रोजची संवय एकाएकीं सोडली म्हणजे बारा ते चोवीस तासांत डोकें दुखूं लागतें, चित्त कशावर ठरत नाहीं, आणि हा त्रास कोणाला दोन दिवस तर कोणाला नऊ दिवसांपर्यंत पुरतो, हें आतां वैद्यकानें नीट नोंदून ठेविलें आहे. तेव्हां कारण खरें, आणि तरीहि तें निमित्तच. ह्या दोहोंची सांगड मनुष्याच्या मनांत कशी बसते हें पाहावयाचें तर, ज्यानें आपलें सारें आयुष्य पत्रांत, रोजनिशींत आणि संभाषणांत मागें ठेविलें असा साक्षीदार हवा. जर्मन महाकवि गटे ह्याच्याइतका चांगला साक्षीदार आम्हांस दुसरा दिसत नाहीं.

गटे १७६५ च्या आक्टोबरांत, सोळा वर्षांचा असतां, कायदा शिकण्यासाठीं लाइप्त्सिग येथें आला. हें शहर व्यापाऱ्यांचें, विद्यार्थ्यांचें आणि कॉफीगृहांचें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं ह्याच शहरांत योहान सेबास्टियान बाख ह्या संगीतकारानें त्सिमरमान नांवाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहांतील मंडळींसाठीं एक विनोदी गीतप्रबंध रचला होता. त्यांत एक बाप मुलीची कॉफी सोडविण्यासाठीं जंग जंग पछाडतो. फिरावयास जाऊं देणार नाहीं, खिडकींत उभें राहूं देणार नाहीं, अशा धमक्या देतो. मुलगी बधत नाहीं. लग्नच करून देणार नाहीं म्हटल्यावर मात्र ती कॉफी सोडण्याचें कबूल करते, आणि बापाची पाठ वळतांच, जो लग्नाच्या करारांत कॉफीची मुभा लिहून देईल त्यालाच वरीन, असें बाहेर पसरवून देते. ह्या बापाचें नांव श्लेंड्रियान. जुन्या रहाटीनें रेंगाळत चालणें, असा त्या जर्मन शब्दाचा अर्थ आहे. कॉफी सोडविणारालाच हें नांव द्यावें, ही खोडी आम्हांस मोठी मार्मिक वाटते.

अशा शहरांत तीन वर्षें काढलेल्या विद्यार्थ्याला कॉफीची संवय लागली नसती तरच नवल. साठी उलटल्यावर लिहिलेल्या आत्मचरित्रांत गटे ह्या दिवसांविषयीं सांगतो कीं, तेथल्या जड बियरनें डोकें मंदावे, आणि कॉफीनें, विशेषतः जेवणानंतर दुधाबरोबर घेतलेल्या कॉफीनें, मनाला एक प्रकारची चमत्कारिक उदासी येई व आंतड्यांचें काम बंद पडल्यासारखें होई. ह्यामुळें आपणांस मोठी धास्ती वाटे. परंतु अधिक शहाणपणानें राहण्याचा निश्चय कांहीं होईना. रोग ठाऊक, कारण ठाऊक, उपायहि ठाऊक, आणि निश्चय तेवढा उद्यांवर! शेवटीं १७६८ च्या उन्हाळ्यांत एका रात्रीं रक्ताची उलटी होऊन तो मरणाच्या दारांतून परत आला, आणि २८ ऑगस्ट रोजीं, म्हणजे आपल्या एकोणिसाव्या वाढदिवशीं, पदवी न घेतांच घरीं फ्रांकफुर्टला निघाला.

आपल्याकडे अशा मनुष्यास दीर्घसूत्री म्हणतात. महाभारताच्या शांतिपर्वांत तीन माशांची गोष्ट आहे. त्यांतील दीर्घसूत्र नांवाचा मासा, पाणी आटत चाललें तरी घाई कशाला म्हणून बसून राहतो, आणि कोळ्यांच्या हातीं सांपडून प्राणास मुकतो. गटेला त्या माशाच्या पंगतीला बसविलें तर त्याचे भक्त रागावतील. पण नुसते सनच पाहावे. 'एग्मोंट' नाटक १७७५ त हातीं घेतलें, तें १७८७ त संपलें. 'विल्हेल्म माइस्टर' ही कादंबरी १७७७ त सुरू झाली. तिचें पहिलें पर्व लोकांच्या हातीं पडलें १७९५-९६ त. 'फाउस्ट'चे पहिले प्रवेश १७७५ पूर्वींचे, आणि शेवटचे १८३१ चे. एवढीं भिजत घोंगडीं एकाच घरांत क्वचितच पाहावयास मिळतील.

आणि तरीहि हा मनुष्य आळशी नव्हता. १७७५ च्या नोव्हेंबरांत वायमारच्या तरुण ड्यूकच्या बोलावण्यावरून तो त्या लहानशा संस्थानांत आला, आणि पुढच्याच वर्षीं मंत्रिमंडळांत बसला. खाणींचें काम त्याच्याकडे आलें, रस्त्यांचें आलें, १७७९ पासून लष्कराचें आणि १७८२ पासून खजिन्याचेंहि आलें. १७७९ च्या फेब्रुवारी-मार्चांत सैन्यभरतीसाठीं गांवोगांव हिंडत असतां त्यानें 'इफिगेनी' हें नाटक अवघ्या सहा आठवड्यांत गद्यांत लिहून काढलें. आपोल्डा गांवीं मोजे विणणारे कारागीर उपाशी आहेत, आणि नाटकांतल्या राजाला मात्र असा कोणी उपाशी नसल्यासारखें बोलावयास लावावें लागतें, ह्याचा त्रागा त्यानें तेथून आपली मैत्रीण शार्लोट फॉन श्टाइन हिला कळविला. तरी नाटक अडलें नाहीं. ६ एप्रिल रोजीं तें रंगभूमीवर आलें आणि ओरेस्टिसची भूमिका स्वतः गटेनें केली. तेंच नाटक पद्यांत घालावयाचें राहिलें, तें मात्र जवळजवळ आठ वर्षें राहिलें.

ह्याच काळांतील त्याच्या रोजनिशींत पथ्याची भाषा अधूनमधून डोकावते. १७८० च्या वसंतांत तो लिहितो कीं आपण मद्य जवळजवळ घेतच नाहीं, आणि कर्तृत्वाच्या जीवनाला लागणारी दृष्टि व हातोटी दिवसेंदिवस वाढत आहे. 'टास्सो' नाटकाची कल्पना त्याला सुचली तीहि ह्याच वसंतांत, ३० मार्च रोजीं. दृष्टि वाढली, हातोटी वाढली. 'टास्सो' दोन अंकांवर येऊन थांबलें आणि पुढें वर्षानुवर्षें तेथेंच राहिलें. पथ्यानें त्याची प्रकृति सुधारली असेल. तो मुद्दा आम्हांस वादाचा वाटत नाहीं. परंतु सुधारलेली प्रकृति कोणत्या कामाकडे वळवावयाची हें पथ्य ठरवीत नाहीं. ती दफ्तराकडे वळली, रस्त्यांकडे वळली, खनिजांकडे वळली, आणि जें काम खरोखर त्याचें होतें त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

ही कोंडी फुटली ती एका प्रकाशकामुळें. १७८६ त लाइप्त्सिगच्या गोशन ह्यानें गटेच्या लेखनाचे आठ खंड काढण्याचें ठरविलें. गटेनें जाहिरातींतच सांगून टाकलें कीं शेवटच्या खंडांत 'एग्मोंट' अपुरें येईल, 'टास्सो'चे दोनच अंक येतील, 'फाउस्ट'चा तुकडा येईल. आपल्या अपुऱ्या कामांची यादी इतक्या उघडपणें छापण्याचें धैर्य फार थोड्या लेखकांस असतें. पण यादी छापली गेली आणि ती त्याला टोंचूं लागली. त्या उन्हाळ्यांत तो कार्ल्सबाडच्या औषधी झऱ्यांवर होता. ३ सप्टेंबर रोजीं पहांटे तीन वाजतां, कोणास न सांगतां, म्योलर असें खोटें नांव घेऊन तो तेथून इटलीला निघाला. शार्लोटबाईलाहि कोठें जातों हें त्यानें कळविलें नाहीं. बरोबरच्या सामानांत हीं अपुरीं नाटकें होतीं. रोममध्यें 'इफिगेनी' पद्यांत उतरली, 'एग्मोंट' पुरें झालें. 'फाउस्ट'चे कागदहि काढले गेले. परंतु ते आतां पिवळे पडले आहेत, कडांना झिजले आहेत, एकाद्या प्राचीन पोथीसारखे दिसत आहेत, असें वर्णन त्यानें मार्च १७८८ त लिहून ठेविलें, आणि तें काम पुन्हां बाजूला राहिलें. १७९० त तें 'तुकडा' ह्याच नांवानें छापलें गेलें.

आतां मूळ कॉफीकडे वळूं. शार्लोट फॉन श्टाइन ही वायमारच्या अश्वशाळेच्या मुख्य अधिकाऱ्याची पत्नी, गटेहून सात वर्षांनीं वडील, सात मुलांची आई. इटलीला जाण्यापूर्वींच्या दहा वर्षांत गटेचें सारें अंतरंग तिच्यापाशीं उघडें होतें. गटेनें तिला लिहिलेलीं दीड हजारांहून अधिक पत्रें आज उपलब्ध आहेत. तिचीं पत्रें मात्र तिनें त्याच्याकडून परत मागून घेतलीं आणि जाळून टाकलीं. तेव्हां ह्या खटल्यांत आपल्यापुढें एकाच पक्षाचे कागद आहेत, हें वाचकांनीं विसरूं नये. १७८८ च्या जूनमध्यें गटे परतला आणि पुढच्याच महिन्यांत क्रिस्टियाने वुल्पिउस ह्या कृत्रिम फुलें करणाऱ्या कारखान्यांतील तेवीस वर्षांच्या मुलीशीं त्याचा संबंध जुळला. ही बातमी वायमारसारख्या गांवांत किती दिवस लपणार? शार्लोटबाईच्या मनाला ती फार लागली, आणि तिनें तें बोलून दाखविलें.

त्यावर १ जून १७८९ रोजीं गटेनें तिला जें पत्र लिहिलें तें आम्हीं अनेकदां वाचलें आहे, आणि प्रत्येक वेळीं त्याचा शेवट वाचतांना थक्क झालों आहों. आरंभीं तो आपली बाजू मांडतो: तूं मला कसें वागविलेंस, माझ्याशीं बोलत नाहींस, माझ्या प्रत्येक हालचालीला दोष देतेस, मग मीं मोकळेपणानें बोलावें कसें? येथपर्यंत हें दुखावलेल्या पुरुषाचें नेहमींचें पत्र आहे. पुढें मात्र तें एकाएकीं वैद्याचें पत्र होतें. तो सांगतो कीं, दुर्दैवानें कॉफीविषयींचा माझा सल्ला तूं फार दिवसांपासून धुडकावला आहेस, आणि प्रकृतीला अत्यंत अपायकारक असा आहार चालविला आहेस. कांहीं गोष्टींचे आघात मनानें जिंकणें आधींच कठीण. त्यांत तूं उदास कल्पनांच्या छळणाऱ्या जोराला एका भौतिक द्रव्याचें बळ देतेस. त्या द्रव्याची हानि तुला एकदां पटली होती, माझ्यावरील प्रेमामुळें तूं तें कांहीं काळ टाळलेंहि होतेंस, आणि तेव्हां तुला बरें वाटत होतें. शेवटीं, उपचार आणि प्रवास ह्यांनीं तुला आराम पडो, अशी इच्छा.

म्हणजे ह्या बाईनें त्याच्यासाठीं एकदां कॉफी सोडली होती. नंतर तो न सांगतां निघून गेला, परत आला, दुसरा संसार मांडला. आणि तिच्या दुःखाचें निदान काय, तर कॉफी! तिनें पत्राच्या माथ्यावर आपल्या हातानें फक्त एक 'ओ' लिहिला आणि त्यापुढें तीन उद्गारचिन्हें दिलीं. तिच्या बाजूचा ह्या प्रकरणांत उरलेला एवढाच कागद. पण तो पुरेसा बोलका आहे.

गटेवर दुष्टपणाचा आरोप करून ह्या पत्राचा निकाल लावावा असें आम्हांस वाटत नाहीं. लाइप्त्सिगमध्यें कॉफीनें आलेली उदासी त्यानें स्वतः भोगली होती. तेव्हां हें निदान त्यानें हवेंतून आणलेलें नव्हतें. पण हें पत्र लिहिलें त्या दिवसांत त्याच्या मेजावर काय पडलें होतें? 'टास्सो'. फेरारेच्या दरबारांतला एक कवि, त्याच्या आवांक्याबाहेरची एक राजस्त्री, तिचें संयत प्रेम आणि त्या प्रेमाची शेवटीं झालेली मोडतोड, हा त्या नाटकाचा विषय. शार्लोटबाईच्या सहवासांतच तें सुचलें होतें. म्हणजे नऊ वर्षें जें काम तो पुढें ढकलीत होता, तें नुसतें अंक लिहिण्याचें काम नव्हतें. ह्या संबंधाचा हिशेब स्वतःपुढें मांडण्याचें काम होतें. आजचे मानसशास्त्रज्ञ सांगतात कीं चालढकल करणारा मनुष्य कामाला भीत नसतो. तें काम हातीं घेतांच जी भावना उठेल तिला तो भीत असतो. असें असेल तर त्या दिवसांत कॉफीसारखा सोयीचा विषय दुसरा नव्हता. कॉफीवर तास न् तास बोलतां येतें, तीत कोणाचा अपराध नसतो, आणि सोडावयाची झाल्यास ती दुसऱ्यानें सोडावयाची असते. पत्र गेल्यावर दोनतीन महिन्यांच्या आंत 'टास्सो' पुरें झालें. कॉफीचा सल्ला आणि नाटकाची समाप्ति एकाच उन्हाळ्यांतलीं आहेत, ही गोष्ट आम्हांस योगायोगाची वाटत नाहीं. जें तिला सांगतां आलें नाहीं तें तेथें सांगून झालें.

'फाउस्ट'चें पुडकें मात्र बांधलेलेंच राहिलें. आणि ह्यापुढची कथा मुख्यतः तें दुसऱ्यांनीं कसें सोडविलें ह्याची आहे. १७९४ च्या उन्हाळ्यांत शिलर आणि गटे ह्यांची मैत्री जमली. त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या अखेरीस शिलरनें 'फाउस्ट'चे न छापलेले भाग वाचावयास मागितले. गटेनें २ डिसेंबर रोजीं उत्तर दिलें कीं, ज्या पुडक्यांत फाउस्ट कैद आहे तें सोडण्याचें धैर्य आपल्याला होत नाहीं. कारण नक्कल करावयास बसलों तर काम पुरें करावेंच लागेल, आणि तेवढा धीर आपल्यांत नाहीं. चालढकलीचें इतकें प्रामाणिक वर्णन आम्हीं अन्यत्र वाचलें नाहीं. ह्यांत प्रकृतीचा उल्लेख नाहीं, पथ्याचा नाहीं. गांठ सुटेल ह्याचीच भीति, हें त्यानें मित्रापाशीं सरळ कबूल केलें. शार्लोटबाईच्या पत्रांतला गटे आणि हा गटे ह्यांत पांच वर्षांचें अंतर आहे. आम्हांस तें फार मोठें वाटतें.

गांठ सुटली १७९७ च्या जूनमध्यें, तीहि मौजेच्या रीतीनें. प्रवासाला निघावयाचें होतें, निघणें होत नव्हतें, जीव अस्वस्थ होता; तेव्हां कांहींतरी हाताला हवें म्हणून २२ जून रोजीं त्यानें शिलरला कळविलें कीं 'फाउस्ट' हातीं घेतों. म्हणजे एक काम टाळण्यासाठीं त्यानें दुसरें, वीस वर्षें टाळलेलें काम काढलें! त्याच पत्रांत त्यानें मित्राला विनंति केली कीं, एकाद्या निद्राहीन रात्रीं ह्या विषयाचा तूं विचार करून मला सांग. शिलरला अशा रात्रींची वाण नव्हती. क्षयानें पोखरलेल्या शरीरानें, कडक कॉफीच्या आधारानें, रात्र रात्र जागून लिहिण्याची त्याची संवय प्रसिद्ध आहे. त्याचें उत्तर दुसऱ्याच दिवशीं निघालें. मंगलाचरण रचलें गेलें. पुढें नाटकाच्या आरंभीं रंगभूमीवरचा प्रवेशहि आला, आणि तो आपल्या 'शाकुंतला'च्या प्रस्तावनेवरून सुचला असें विद्वान मानतात. फॉर्स्टरनें केलेलें 'शाकुंतला'चें जर्मन भाषांतर १७९१ त निघालें होतें आणि गटेला त्यानें वेड लावलें होतें. सूत्रधार आणि नटी ह्यांचें बोलणें इतक्या दूर जाऊन एका अडलेल्या नाटकाचा दरवाजा उघडतें, हें वाचून आम्हांस समाधान झालें हें लपवीत नाहीं.

पण शिलरला ठाऊक होतें कीं नुसत्या स्नेहानें हें गाडें चालणार नाहीं. १८०० च्या मार्चांत त्यानें कोट्टा ह्या प्रकाशकाला परस्पर पत्र लिहून सुचविलें कीं गटेला एक भरघोस रक्कम देऊं करा, म्हणजे 'फाउस्ट' हलेल. कोट्टानें तसें केलें, आणि तें हललें. पहिला भाग पुरा झाला १८०६ च्या वसंतांत, आणि छापला गेला १८०८ त. तो पाहावयास शिलर नव्हता. ९ मे १८०५ रोजीं, पंचेचाळिसाव्या वर्षीं, तो वारला होता. त्यापूर्वींच्या सहा वर्षांत 'वालेनस्टाइन', 'मारिया स्टुअर्ट', 'ऑर्लिआंची कुमारी', 'मेस्सिनाची वधू' आणि 'विल्हेल्म टेल' हीं सारीं त्यानें हातावेगळीं केलीं होतीं. (ह्याच १८०६ च्या आक्टोबरांत नेपोलियनचे शिपाई गटेच्या घरांत घुसले आणि क्रिस्टियानेनें धीटपणें त्याचा बचाव केला, त्यानंतर थोड्याच दिवसांत, अठरा वर्षें एकत्र काढल्यावर, त्यानें तिच्याशीं लग्न केलें. ह्या कामालाहि फ्रेंच सैन्य यावें लागलें.)

वीसएक वर्षांनंतर, मार्च १८२८ त, आपला चिटणीस व सोबती एकरमान ह्याच्याशीं बोलतांना गटेनें शिलरच्या पद्धतीवर शेरा मारला. शरीर थकलेलें असतां उत्तेजक पेयानें तें हांकण्याचा शिलर प्रयत्न करी. त्यानें त्याची प्रकृति तर झिजलीच, पण लेखनालाहि बाध आला, असें त्याचें मत. स्वतःचा सल्ला असा कीं कांहीं ओढून ताणून करूं नये. ज्या दिवशीं सुचत नाहीं तो दिवस इकडेतिकडे करण्यांत किंवा झोंपण्यांत घालवावा, पण मागाहून आनंद देणार नाहीं असें कांहीं लिहूं नये. ऐकावयास हें फार गोड आहे, आणि ऐंशीच्या घरांतल्या मनुष्याला शोभतेंहि. मात्र हा सल्ला ज्या शिलरच्या उदाहरणावर दिला, त्यानें निद्राहीन रात्रीं विचार केला नसता आणि प्रकाशकाला चिठ्ठी लिहिली नसती, तर 'फाउस्ट'चा पहिला भाग त्या पुडक्यांतच राहता, असें आमचें मत आहे. शिलरनें शरीर खर्चून कामें पुरीं केलीं. गटेनें शरीर राखलें, आणि त्या राखण्याचा कांहीं खर्च शिलरच्या खात्यावर पडला.

कॉफीचें गटेच्या चरित्रांतलें आणखी एक दर्शन सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १८१९ च्या आक्टोबरांत येना येथें फ्रीडलीब फेर्डिनांड रुंगे नांवाचा पंचविशीच्या आंतबाहेरचा रसायनाचा विद्यार्थी त्याच्या भेटीला आला, तो उसना कोट अंगांत घालून आणि कांखेंत मांजर घेऊन. विषारी वनस्पतीच्या रसाच्या एका थेंबानें मांजराच्या डोळ्याची बाहुली कशी मोठी होते हें त्यानें दाखविलें. सत्तरीचा गटे खुष झाला, आणि एका ग्रीक गृहस्थाकडून भेट आलेल्या दुर्मिळ कॉफीच्या बियांची पेटी त्यानें रुंगेच्या हातीं दिली, ह्यांचाहि शोध घ्या म्हणून. आनंदाच्या भरांत रुंगे मांजर विसरूनच निघाला होता. गटेनें त्याला त्याच्या ह्या मदतनिसाची आठवण करून दिली, असें रुंगेनेंच पुढें लिहिलें आहे. लवकरच त्यानें त्या बियांतून कॅफीन वेगळें काढलें, आणि १८२० त तें जगाला कळलें. ज्या द्रव्यानें पन्नास वर्षांपूर्वीं आपल्याला उदास केलें, ज्याच्यावर तीस वर्षांपूर्वीं एका मैत्रीचा दोष ठेवला, तें द्रव्य प्रत्यक्ष काय आहे हा प्रश्न गटेनें अशा रीतीनें एकदांचा मार्गीं लावला. हें काम त्यानें मुळींच लांबविलें नाहीं. कारण तें दुसऱ्यानें करावयाचें होतें.

तोंवर 'फाउस्ट'चा दुसरा भाग तसाच पडून होता. १८१६ च्या डिसेंबरांत गटेनें त्याचा गोषवारा आत्मचरित्रासाठीं सांगून लिहविला, म्हणजे काम पुरें होण्याची आशा त्यानें जवळजवळ सोडलीच होती. १८२५ त तें पुन्हां वर निघालें, ह्याला एकरमानचें नम्र पण चिवट टुमणें बरेंचसें कारण आहे. रोजनिशींत तेव्हांपासून 'मुख्य काम' असा शब्द येऊं लागला. १८३० च्या आक्टोबरांत एकुलता एक मुलगा रोममध्यें वारला, पुढच्या महिन्यांत गटेला स्वतःला रक्तस्रावाचा जबर झटका आला. त्यांतून तो उठला आणि पुन्हां त्या कामाला बसला. १७ फेब्रुवारी १८३१ रोजीं त्यानें एकरमानला एक युक्ति दाखविली. दुसऱ्या भागाचें सारें हस्तलिखित त्यानें एकत्र शिवून घेतलें होतें, आणि जो चौथा अंक लिहावयाचा राहिला होता त्याच्या जागीं तेवढे कोरे कागद घातले होते. झालेलें काम असें डोळ्यांपुढें असलें म्हणजे राहिलेलें पुरें करण्याचा मोह पडतो, असें तो म्हणाला. ज्या पुडक्याची गांठ सोडण्याचें भय त्यानें १७९४ त सांगितलें होतें, तें आतां सुटें नव्हतें. शिवलेलें होतें, आणि त्यांतली उणीव कोणालाहि मोजतां आली असती. वयाच्या ब्यायशींव्या वर्षीं त्याला हें साधलें.

जुलैमध्यें चौथा अंक भरला गेला आणि मुख्य काम संपल्याची नोंद झाली. यापुढें आपले दिवस म्हणजे निव्वळ देणगी आहे, असें तो एकरमानला म्हणाला. हस्तलिखित बांधून त्यानें मोहोर केलें. आपल्या हयातींत तें कोणीं वाचावयाचें नाहीं असें ठरलें. परंतु १८३२ च्या जानेवारींत त्यानेंच ती मोहोर फोडली आणि सून ओटिलिए हिच्यासह तें पुन्हां वाचावयास घेतलें. २४ जानेवारीच्या रोजनिशींत नोंद आहे कीं, 'फाउस्ट'विषयीं मन पुन्हां खळबळलें असून त्यांतील मुख्य प्रसंग अधिक विस्तारानें लिहावयास हवेत, कारण काम संपविण्याच्या घाईंत आपण ते फारच थोडक्यांत उरकले. ह्यानंतर आठ आठवड्यांनीं, २२ मार्च रोजीं, तो वारला.